'बसतो ना? मग चालतो!' म्हणणाऱ्या कूलरवाल्यास

महोदय,

नमस्कार. सप्रेम म्हणवत नाही, म्हणून तेवढं वगळलं.

तुमचं नाव मी इथे छापत नाही. छापलं तर वाचणाऱ्याला वाटेल, एवढं एक दुकान टाळलं की झालं. तसं होत नाही. मोटारींच्या शर्यतीचे सुटे भाग विकता विकता विमानवाल्यांनाही माल खपवणारी दुकानं अमेरिकेत गावोगाव आहेत, आणि तुमच्या तोंडचं वाक्य त्या सगळ्या काउंटरांवर ऐकू येतं: 'बसतो ना? मग चालतो!' माझं भांडण या वाक्याशी आहे. ते माझ्यासमोर तुम्ही उच्चारलंत, म्हणून पत्र तुमच्या नावे.

तुम्हाला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. या पत्राचा इंग्रजी मजकूर तुमच्या टेक्सासमधल्या पत्त्यावर रवाना केला आहे. मराठीत लिहितो आहे ते पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून इकडे येणाऱ्या मुलांसाठी. ही मुलं नोकरीत स्थिरावतात आणि त्यातली काही शनिवार-रविवारी एखाद्या छोट्या विमानतळाच्या हँगरमध्ये रिव्हेट ठोकू लागतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या तुमच्या काउंटरशी येईल. त्याच्या हाती तुमच्या कूलरआधी हे पत्र पडावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझ्या मित्राने तुमच्याकडून ऑइल कूलर घेतला. त्याचं विमान दोन आसनी, स्वतःच्या हातांनी बांधलेलं. इंजिन माझदाचं 13बी रोटरी. तुम्ही त्याला काय विचारलंत ते मी शेजारी उभा राहून ऐकलं. जागा किती आहे, हा पहिला प्रश्न. खर्च किती करायचा आहे, हा दुसरा. तिसरा प्रश्न झालाच नाही. चढताना विमानाचा वेग किती, इंजिनातून ताकद किती काढणार, हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार, यातलं एक अक्षर तुम्ही विचारलं नाहीत. त्याने कागदावर लिहून आणलेलं काउलिंगमधल्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातल्या, रिकाम्या जागेचं माप वाचलंत, मागच्या फळीवरून एक कूलर काढलात, त्यावर टेप धरलीत आणि निकाल दिलात. वैद्याने रोग्याच्या सदऱ्याचं माप घेऊन औषध द्यावं, तसा हा प्रकार.

तेव्हा जे तुम्ही टाळलंत, तिथूनच सुरुवात करतो.

हे इंजिन फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतलं. जर्मनीच्या एनएसयूने ते वाढवलं आणि जपानच्या माझदाने 1967 सालच्या कॉस्मो स्पोर्टपासून पुढे हट्टाने टिकवलं. यात वर-खाली करणारे पिस्टन नाहीत, वॉल्व्ह नाहीत. कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत त्रिकोणी रोटर फिरतो, आणि तो फिरताना हवा ओढणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं ही चारही कामं पोकळीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चालतात. 13बीमध्ये असे दोन रोटर. प्रत्येकी 654 सीसी, मिळून 1308 सीसी. हलणारे भाग मोजके, थरथर कमी आणि ताकदीच्या मानाने अंग लहान. म्हणून घरी विमान बांधणाऱ्यांतल्या काहींचा या इंजिनावर जीव आहे, आणि तो अनाठायी नाही. अमेरिकेत ट्रेसी क्रूक यांनी आपल्या आरव्ही-4 विमानात 13बी बसवून ते वर्षानुवर्षं उडवलं, त्यासाठी लागणारे गिअरबॉक्स आणि इंजिन-कंट्रोलर बनवले, आणि शिकलेलं सगळं इतरांसाठी पुस्तकात लिहून ठेवलं. इंजिन उडतं. उडवणाऱ्याने त्याची उष्णता ओळखली पाहिजे, एवढीच अट आहे.

ही उष्णता वेगळ्या तऱ्हेची आहे. लायकमिंगसारख्या पिस्टनच्या विमान-इंजिनात सिलिंडरच्या फिन्सवरून वाहणारी हवाच बरीचशी धग घेऊन जाते. तेलाच्या वाट्याला त्या मानाने थोडी येते. रोटरीच्या बाहेरच्या घराला पाणी थंड ठेवतं. पण रोटर तर आत गरगरतो आहे. त्याच्यापर्यंत पाणी पोचवायची सोय नाही, म्हणून त्याच्या पोटात तेल सोडावं लागतं. मधल्या एक्सेंट्रिक शाफ्टमधल्या बारीक जेटमधून तेलाची चिळकांडी रोटरच्या आतल्या अंगावर उडते, तिथली धग उचलते आणि खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलटाकीत, उतरते. रोटरला तीन अंगं. त्याच्या एका फेऱ्यात तिन्ही अंगांवर एकेकदा आग पेटते. हे इंजिन पाणी आणि तेल या दोघांना मिळून जेवढी उष्णता देतं, तिचा साधारण तिसरा हिस्सा एकट्या तेलाला वाहावा लागतो. बेअरिंगला वंगण पुरवणं आणि रोटरला थंड ठेवणं अशी दोन कामं एकाच तेलाकडे आहेत, म्हणून ऑइल कूलर हा इथे दुसरा रेडिएटरच आहे. तुमच्या फळीवर तो शोभेच्या गिअर-नॉबशेजारी ठेवलेला असतो.

तेल तापलं की काय होतं तेही ऐका. बेअरिंगवरचा तेलाचा थर पातळ होतो. रोटरच्या बाजूंना तेल अडवणाऱ्या कड्या असतात. त्यांच्यातले रबरी ओ-रिंग उष्णतेने कडक पडतात, मग तेल जळायच्या जागेत झिरपायला लागतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. रोटर फुगतो, सीलच्या खाचा आखडतात. काळजी घेणारे लोक इंजिनात शिरणारं तेल 80 ते 90 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवू पाहतात, आणि काटा शंभराकडे सरकला की थ्रॉटल मागे घेतात. मोटारवाला अशा वेळी गाडी कडेला घेतो, बॉनेट उघडतो, चहा पितो. विमानाला कडेला घ्यायला जागा नसते.

हे माझदाला पक्कं ठाऊक होतं. आरएक्स-7च्या पहिल्या पिढीतल्या काही गाड्यांत त्यांनी तेल पाण्याने थंड करणारा गोल उष्णता-विनिमयक लावून पाहिला. दुसऱ्या पिढीत तेलासाठी पुढे वेगळा मोठा, हवेने थंड होणारा कूलर दिला. तो आजही विमानवाले भंगार-यार्डांत शोधत फिरतात. पुढे आरएक्स-8 आली, तेव्हा जास्त फेऱ्यांवर फिरणाऱ्या मॅन्युअल गिअरच्या गाडीला कंपनीने दोन ऑइल कूलर दिले. ज्यांनी इंजिन घडवलं, त्यांनी त्याच्या ताकदीप्रमाणे कूलर वाढवला. तुम्ही काउलिंगमधल्या जागेप्रमाणे कमी केलात.

आता हिशेब. तुमच्या काउंटरवर कॅल्क्युलेटर होता. तुम्ही तो फक्त टॅक्स लावायला वापरलात.

धरून चालू की चढताना इंजिन 180 हॉर्सपॉवर देतं, म्हणजे सुमारे 134 किलोवॉट. पाणी आणि तेल मिळून 90 किलोवॉट उष्णता बाहेर न्यायची आहे असं समजा. तेलाचा तिसरा हिस्सा, म्हणजे 30 किलोवॉट. घरातला पाणी तापवायचा मोठा गिझर 2 किंवा 3 किलोवॉटचा असतो, हे वाचकांना ठाऊक आहे. ही 30 किलोवॉट उष्णता कूलरमधून जाणाऱ्या हवेने न्यायची. हवा कूलरमधून जाताना 30 अंशांनी तापली असं मानलं, तर दर सेकंदाला 1 किलो हवा लागते. टेक्सासच्या उन्हाळ्यात 38 अंशांना ही हवा सुमारे 880 लिटर होते. दर सेकंदाला 880 लिटर, फिन्सच्या दाट जाळीतून.

तेलाच्या बाजूचा हिशेब याहून अवघड. तेलाची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या जवळपास निम्मी. तेच 30 किलोवॉट तेलाला 25 अंशांनी निववून काढायचे, तर कूलरमधून मिनिटाला सुमारे 40 लिटर तेल वाहायला हवं. त्यात तेल दाट. नळीच्या भिंतीला लागून निवलेला थर जागचा हलत नाही आणि मधलं गरम तेल तसंच पुढे निघून जातं. म्हणून चांगल्या कूलरच्या नळ्यांत तेल घुसळणाऱ्या पट्ट्या असतात. त्यामुळे उष्णता निघते, पण तेलाचा दाबही कमी होतो. माझदाच्या मूळ रचनेत पंपाचं सगळं तेल आधी कूलरमधून, मग फिल्टरमधून आणि मगच बेअरिंगकडे जातं. कूलरमध्ये अडलेला दाब थेट बेअरिंगच्या तोंडचा घास असतो. म्हणून कूलर निवडताना दोन आकडे लागतात: ठरावीक हवेत आणि ठरावीक तेलात तो किती उष्णता काढतो, आणि तेवढं तेल जाताना दाब किती पडतो. तुमच्या खोक्यावर तिसराच आकडा होता: बाहेरची लांबी-रुंदी.

'शर्यतीत सिद्ध झालेला माल' असं तुमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, आणि त्याखाली 1991 साली ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा 787बीचं चित्र आहे. त्या गाडीत चार रोटरचं इंजिन होतं आणि तिच्या अंगातला हवेचा प्रत्येक रस्ता अभियंत्यांनी आखलेला होता. तिचं चित्र लावल्याने तुमच्या फळीवरच्या कूलरला तिची विद्या येत नाही.

खरं म्हणजे मोटार आणि विमान यांतला फरक तुम्ही एकदा नीट समजून घेतलात तरी निम्मं काम होईल. महामार्गावर शांतपणे पळणाऱ्या गाडीला इंजिनाच्या ताकदीचा छोटासा वाटा लागतो. पूर्ण ताकद ती ओव्हरटेक करताना काही सेकंद मागते. विमान पूर्ण ताकद मागतं ते धावपट्टी सोडल्यापासून हव्या त्या उंचीवर पोचेपर्यंत, मिनिटामागून मिनिट. आणि नेमकी तेव्हाच त्याची चाल मंद असते. 90 नॉटने चढताना समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे 12 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. तेच विमान वर जाऊन 160 नॉटने सरळ उडू लागलं की तो दाब, जमिनीलगतच्या हवेचा हिशेब धरला तर, 39 सेंटिमीटरच्या घरात जातो. वेग पावणेदोनपट, दाब तिपटीहून जास्त. म्हणजे इंजिन सर्वांत जास्त तापतं तेव्हा कूलरला ढकलणारी हवा सर्वांत कमी असते. कूलर निवडायचा तो या चढाईसाठी, आपल्या गावातल्या सर्वांत उष्ण दुपारी. तुम्ही निवडलात तो तुमच्या वातानुकूलित दुकानातल्या टेबलावर.

तो कूलर बसवून मित्र पहिल्यांदा उडाला, त्या दुपारी काय झालं ते तुम्ही ऐकायलाच हवं.

जमिनीवर धावण्याच्या चाचण्या ठीक झाल्या होत्या. पहिल्या उड्डाणाला मित्राने चाकं उचलली, तेव्हा तेलाचा काटा 85 वर होता. मी खाली रेडिओ कानाशी धरून उभा होतो. तो ठरल्याप्रमाणे आकडे सांगत होता. नव्वद. पंच्याण्णव. मग आकडे भराभर यायला लागले. एकशे तीनला त्याने थ्रॉटल मागे घेतलं, नाक खाली केलं आणि वळला. काटा एकशे आठपर्यंत गेला आणि दाबाचा काटा खाली येत राहिला. धावपट्टी जवळ होती म्हणून तो उतरला. इंजिन बंद केल्यावर तो बराच वेळ पॅनेलवर हात ठेवून बसला होता. त्या वेळी तुम्ही दुकानात दुसऱ्या कुणाला तरी टेप लावत असाल.

त्यानंतर आम्ही तुमचा कूलर काढला आणि त्याची हेडर-टाकी करवतीने कापली. 'नवाच समजा, फक्त काढून ठेवलेला' असं म्हणून तुम्ही तो दिला होता. बाहेरून तो चकचकीत होता, त्याबद्दल तक्रार नाही. आत मात्र तेलाच्या काळ्या साक्यात तांबूस आणि राखाडी चकत्या लुकलुकत होत्या. नखावर घेऊन घासल्या तर चरचरत होत्या. बेअरिंगचा चुरा होता तो, कुठल्यातरी फुटलेल्या इंजिनाचा. खालच्या नळ्यांमध्ये घुसळणाऱ्या पट्ट्यांभोवती हा चुरा असा ठासून बसला होता की टोकदार तारेनेही निघेना. म्हणजे जाळीचा एक भाग तेलाला बंदच होता. उरलेल्या भागातून जेवढं तेल जात होतं, तेवढंच थंड होत होतं.

यावर तुम्ही म्हणाल, कूलरच्या पुढे फिल्टर आहेच की. आहे. पण चुऱ्याने फिल्टर भरला की त्याचा बायपास-वॉल्व्ह उघडतो, कारण तेलच न मिळण्यापेक्षा घाण तेल बरं, असा त्याचा न्याय असतो. मग तुमचा चुरा थेट बेअरिंगवर जातो. इंजिन धातू टाकून गेलं असेल तर त्याचा कूलर पुन्हा वापरू नये, हे विमान-मेकॅनिक शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांत सांगतात. असल्या कूलरमध्ये सॉल्व्हंट घालून हलवल्याने आतल्या अरुंद वाटा साफ होत नाहीत. तुम्ही बाहेरून स्प्रे मारलात. विकण्यापुरती तेवढी सफाई पुरते, उडण्यासाठी नाही.

तुमचा कूलर खराब होता, हे झालं. पण न्यायाने सांगतो: चांगला कूलरही तिथे हरला असता. हेही तुम्ही त्याला सांगायला हवं होतं. मित्राने नंतर केलं ते प्रत्येक विमानवाल्याने करण्याजोगं आहे. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात एका फळीवर बसवली, तीत रंगीत पाणी भरलं. एक टोक कूलरच्या पुढे, दुसरं मागे नेऊन सोडलं, आणि फळी कॉकपिटमध्ये नजरेसमोर लावली. कूलरच्या दोन्ही बाजूंचा फरक पाण्याच्या पातळीत सरळ दिसतो. नव्या कूलरने, जपून केलेल्या छोट्या उड्डाणात, चढताना हा फरक फक्त 4 सेंटिमीटर भरला. समोर 12 सेंटिमीटर दाब उपलब्ध असताना. बाकीचा गेला कुठे? हवेच्या तोंडापासून कूलरपर्यंत डक्ट नव्हतं, हवा काउलिंगमध्ये शिरून जिथे मोकळं सापडेल तिथून निघून जात होती. आणि काउलिंगचं मागचं तोंड लहान असल्याने कूलरच्या पाठीमागे दाब साचत होता. पुढून ढकला आणि मागून अडवा, मग मधून काय जाणार?

ही विद्या नवी नाही. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी 1930 च्या दशकातच दाखवलं की हवेला डक्टमध्ये आधी मंदावून, रेडिएटरमधून नेऊन, मागे आक्रसत्या वाटेने सोडलं, तर थंडाव्याची किंमत पुष्कळ कमी होते. पी-51 मस्टँगच्या पोटाखालचा तो फुगीर भाग याच विचाराचा. डीट्रिश क्युखेमान आणि योहाना वेबर यांच्या 1953 सालच्या पुस्तकात अशा डक्टचा आकार कसा उघडत न्यावा हे तपशिलाने आहे, आणि रोटरीचे जुने जाणकार आजही त्या आकाराचे डक्ट फायबरग्लासमध्ये घडवतात. तोंडातून शिरलेली हवा सावकाश पसरायला हवी. एकदम रुंदावलेल्या डक्टमध्ये ती भिंत सोडून भोवरे करते, आणि जाळीच्या एका कोपऱ्याला हवा मिळून बाकीची जाळी उपाशी राहते. कूलर आणि डक्ट यांच्यामधली प्रत्येक फट बंद हवी. बाहेर पडणाऱ्या हवेला वाट हवी, आणि ती चढताना मोठी करता आली तर उत्तम. पाण्यासाठी कुणी गाड्यांच्या एसीचे इव्हॅपोरेटर रेडिएटर म्हणून वापरतात, ते चालतातही. पण त्यांच्या अरुंद वाटांतून दाट तेल ढकलायचं म्हटलं की दाबाचा हिशेब पुन्हा मांडावाच लागतो. जो भाग पाण्याला चालतो तो तेलाला चालेलच, हे गृहीत धरण्याची मुभा कुणालाही नाही.

मित्राने अखेर कूलर मोठा घेतला, त्याला इंजिनाखाली स्वतंत्र डक्ट दिलं, आठ नंबरच्या होज काढून दहा नंबरच्या लावल्या, त्यांवर आगीपासून वाचवणाऱ्या बाह्या चढवल्या. कूलर इंजिनाच्या थरथरीने तडकू नये म्हणून रबरी गादीवर बसवला. तेल शिरण्या-निघण्याची तोंडं अशी ठेवली की आत हवेचा फुगा अडकणार नाही. तेलाचं तापमान कूलरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे मोजायला सेन्सर लावले. आता टेक्सासच्या दुपारी तो पूर्ण ताकदीने चढतो आणि काटा नव्वदच्या अलीकडे राहतो. हे सगळं करणं शक्य होतं, पहिल्या दिवसापासून. फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं.

कूलरमधला चुरा सापडल्यावर तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही जे उत्तर दिलंत, तेही या पत्रामागे आहे. तुम्ही म्हणालात, 'विमान एक्सपेरिमेंटल आहे ना? मग प्रयोग तुमचाच.'

त्या शब्दाचा अर्थ तुम्हाला सोयीचा तेवढा कळला आहे. अमेरिकेच्या नियमात घरी बांधलेल्या विमानाचा निम्म्याहून अधिक भाग बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी घडवलेला असावा लागतो. विमानात 'एक्सपेरिमेंटल' अशी पाटी स्पष्ट अक्षरांत लावावी लागते. प्रमाणित इंजिन नसेल, तर वस्तीपासून दूर नेमून दिलेल्या भागात सहसा 40 तास चाचणी-उड्डाणं करावी लागतात आणि तोवर दुसऱ्या कुणाला हौसेने शेजारी बसवता येत नाही. हे बंधन बांधणारा स्वतःच्या जिवावर स्वीकारतो. तो प्रयोग करतो तो माहीत असलेल्या गोष्टींवर उभा राहून. भंगारातल्या चुऱ्याचा प्रयोग त्याने मागितलेला नव्हता. तो तुम्ही त्याच्या इंजिनात गुपचूप घातलात.

आमच्या मराठी वाचकांना घरी विमान बांधणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधलं, 2016 मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी डोळे भरून पाहिलं, आणि 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. त्यासाठी घरच्यांनी काय काय सोसलं, हेही लोकांनी वाचलं आहे. असा माणूस दुकानात येतो तेव्हा त्याच्या मागे कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या सुट्ट्या आणि कर्जाचे हप्ते उभे असतात. तो स्वतः विचारतो, वाचतो, रात्री जागतो. तुमच्याकडून त्याला अपेक्षा एवढीच की जे तुम्हाला माहीत नाही त्याची हमी तुम्ही देऊ नये.

म्हणून विनवणी न करता सांगतो. कूलर विकण्याआधी ग्राहकाला चार गोष्टी विचारा: इंजिन कोणतं आणि चढताना किती ताकद, चढण्याचा वेग किती, गावातली सर्वांत उष्ण दुपार किती अंशांची, आणि हवा कुठून येऊन कुठे जाणार. ही उत्तरं ग्राहकाकडे नसतील तर त्याला ती घेऊन यायला सांगा. माल आठवडाभराने खपला तर तुमचं काही बिघडत नाही. बनवणाऱ्याकडून उष्णता आणि दाब यांचे तक्ते मागून घ्या आणि प्रत्येक खोक्याबरोबर द्या. तक्ता नसलेला कूलर विमानवाल्याला विकू नका. वापरलेला कूलर असेल, तर तो कोणत्या इंजिनातून आला आणि ते इंजिन का उघडलं, हे लिहून द्या. ते माहीत नसेल, तर तो कूलर भंगारातच जाऊ द्या.

आणि जे मराठी वाचक उद्या अशा काउंटरशी उभे राहतील, त्यांना: दुकानदार टेप काढू लागला की तुम्ही तुमचा चढण्याचा वेग सांगा आणि तक्ता मागा. तक्ता मिळाला तर बसा, चहा घ्या, हिशेब मांडा. नाही मिळाला तर माल कितीही चकचकीत असो, तिथून सरळ बाहेर पडा.

कळावे.

आपल्या मालाचे भोग भोगलेल्याचा मित्र,
एक रोटरीप्रेमी